अण्णांची तडी

अण्णांची आणि माझी ओळख एका गोणपाटामुळे झाली. त्या गोणपाटात आमच्या मोडनिंबच्या पिठाच्या गिरणीचा शाफ्ट होता, शाफ्टवर पुली होती आणि पुलीत एक बोल्ट रुतून बसला होता. तो निघाल्याशिवाय पुली निघणार नव्हती आणि पुली निघाल्याशिवाय बेअरिंग बदलता येणार नव्हतं. वडिलांनी पकड, हातोडा आणि संताप अशी तिन्ही हत्यारं वापरून त्या बोल्टाचं षटकोनी डोकं सुपारीसारखं गोल करून ठेवलं होतं. घरात आयटीआयचा टर्नरचा कोर्स केलेली मी एकटीच. तेव्हा "तुझ्या शिक्षणाचा उपयोग होऊ दे कधीतरी" असं म्हणून वडिलांनी ते ओझं माझ्यासकट सोलापूरच्या एसटीत बसवलं. गोणपाटाला तिकीट लागतं की नाही यावर कंडक्टर आणि मी मोहोळपर्यंत वाद घालत होतो. तो जिंकला.

सोलापुरात दोन वर्कशॉपं फिरले. दोन्हीकडे गोणपाट उघडल्यावर आधी हसू आणि मग एकच प्रश्न, "ह्ये कुणी केलं?" वडिलांचं नाव परक्यांसमोर सांगायला जीभ रेटेना. तिसरं वर्कशॉप अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत, अगदी मागच्या गल्लीत होतं. दारात स्टुलावर बसून टक्कल पडलेले एक गृहस्थ कडक भाकरी मोडून खात होते. ज्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे ते श्री. शरणप्पा, आपल्या सगळ्यांचे अण्णा, ते हेच.

अण्णांनी भाकरी बाजूला ठेवली, हात धुतले आणि पुली उलटसुलट करून पाहिली. मग तारेच्या ब्रशने बोल्टाभोवतीचं पीठ आणि गंज साफ केला, वरून तेल सोडलं आणि मला विचारलं, "चहा घेणार का?"

"अहो, गिरणी बंद आहे आमची. घाई आहे," मी म्हणाले.

"घाई हाय म्हणताय, मग तर लई सावकाश करावं लागंल. त्येला तेल पिऊ द्या. तंवर आपण चहा पिऊ की."

चहा झाला. अण्णांनी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने हलके टोले दिले, कुणाला तरी झोपेतून उठवावं इतके हलके. कानशीने डोक्याच्या दोन बाजू सपाट केल्या, त्यावर घट्ट बसेल असा पाना ठोकून बसवला आणि सोडवायच्या ऐवजी आधी तो बोल्ट किंचित आवळला. मी आयटीआयवाली, न राहवून म्हणाले, "उलटं फिरवताय." अण्णा म्हणाले, "म्हाईत हाय. आधी त्येच्या मनासारखं, मग आपल्या." एक बारीक 'कट' असा आवाज आला. गंजाची पकड सुटल्याचा तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर जन्मभर त्याच आवाजाच्या मागे लागले आहे.

निघताना मी विचारलं, "तुम्ही विचारलं नाहीत, हे कुणी केलं म्हणून?"

"विचारून बोल्ट निघतोय का?" अण्णा म्हणाले.

एवढं बोलून त्यांनी कोपऱ्यातल्या लेथकडे बोट दाखवलं. टर्नर आहात, तर एक बुश, म्हणजे शाफ्टवर बसणारी पोकळ कडी, कातून दाखवा म्हणाले. तेव्हा वसाहतीत लेथवर बाई दिसणं म्हणजे गल्लीने काम सोडून बघायला यावं असा प्रकार होता, आणि गल्ली आलीच. मी बुश काढला. अण्णांनी तो बोटावर फिरवून पाहिला आणि म्हणाले, "सोमवारपासून या." सोमवारी गेले तर मागच्या कोपऱ्यात पत्र्याची एक नवी खोली उभी होती. कपडे बदलता यावेत एवढीच, आतून भक्कम कडी असलेली. ती अण्णांनी रविवारी एकट्याने केली, हे मला पुढे त्यांच्या पत्नीकडून, गौराक्कांकडून कळलं. अण्णांनी त्या खोलीचा विषय आजतागायत काढलेला नाही. तिची कडी मात्र ते दर दिवाळीला तेल घालून तपासतात.

गौरवग्रंथात फक्त गुण सांगायचे असतात असं संपादक मंडळींनी मला सुचवलं आहे. पण अण्णांचा राग वगळून अण्णा सांगायचे म्हणजे मीठ वगळून शेंगाचटणी वाढायची. चुकीच्या मापाचा पाना हातात धरलेला माणूस दिसला की अण्णांचं टक्कल लाल होतं. ढिला पाना बोल्टावर घसरत राहतो, कोपरे झिजवतो आणि चांगल्या बोल्टाचा 'टकल्या' करतो. गोल झालेल्या बोल्टाला हे नाव आमच्याकडे अण्णांनीच दिलं, स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत. एकदा एका गिऱ्हाइकाने आमच्याच समोर जबडा पुढे-मागे सरकणारा स्वस्तातला पाना काढून बोल्टाला लावला. अण्णांनी तो त्याच्या हातातून घेतला आणि समोरच्या शेडच्या छपरावर भिरकावून दिला. तो अजून तिथेच आहे. गिऱ्हाइकाला त्यांनी आपल्या पेटीतला चांगला पाना कायमचा देऊन टाकला, तेव्हा भांडण तिथल्या तिथे मिटलं.

पण हा राग बोल्ट खराब होण्याआधीचा. एकदा खराब झालेला बोल्ट दारात आला की राग संपला. "कुणी घालवला" हा प्रश्न आमच्या वर्कशॉपात विचारला जात नाही. नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हा एकच नियम सांगितला जातो. याचं कारण मला कळलं ते एका कोरड्या वर्षी. सांगोल्याकडे पाणी वाहणाऱ्या टँकरचा चालक आमच्याकडे आला होता. इंजिनाचं तेल काढायचा बोल्ट त्याच्या हातून गोल झाला होता. अण्णा टँकरखाली झोपून काम करत असतानाच मालक मोटारसायकलवर आला आणि गरजला, "कुणी घालवला ह्यो?" चालकाचा चेहरा पांढराफटक पडला. नोकरी गेली, हे त्याला दिसत होतं.

टँकरखालून अण्णांचा आवाज आला, "गंजानं घालवला, साहेब. पाण्यातली गाडी हाय, गंज चढणारच की."

तेलाच्या बोल्टाला आतून गंज चढत नाही, हे मला, चालकाला आणि बहुधा मालकालाही माहीत होतं. पण टँकरखाली झोपलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? मालक गेला. चालकाला अण्णांनी त्या दिवशी बोल्टावर पाना कसा पूर्ण बसवायचा ते शिकवलं, त्याच्याच हाताने, पुन्हा पुन्हा. खोटं न बोलणाऱ्या अण्णांचं एवढं एक खोटं मला माहीत आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

आता तडीची गोष्ट. ती माहीत असल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अण्णा मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी. एरवी दोन्ही भाषा आपापल्या जागी असतात. पण काम नाजूक झालं की अण्णांची मराठी पळून जाते आणि तोंडात फक्त कानडी उरते. आमचे नामदेव सांगोल्याचे. अंगाने पैलवान, मनाने हळवे, आणि कानडीचा एक शब्द येत नसलेले. ते कामाला लागले त्या हंगामातली गोष्ट. एका ट्रॅक्टरच्या इंजिनाचा बोल्ट निघत नव्हता. नामदेव पान्यावर, अण्णा कान लावून बोल्टाच्या आवाजावर. बोल्ट पिळला जातोय, आता तुटेल, हे अण्णांना आवाजावरून कळलं आणि ते ओरडले, "तडी! तडी!"

कानडीत 'तडी' म्हणजे थांब. नामदेवांना ठाऊक होती ती मराठीतली तड. काम तडीस नेतात, ती. त्यांना वाटलं, उस्ताद म्हणताहेत आता सोडू नका, शेवटाला न्या. त्यांनी दोन्ही पाय रोवले आणि असेल नसेल ते बळ लावलं. बोल्टाचं डोकं तुटून पान्यासकट त्यांच्या हातात आलं आणि नामदेव मागच्या तेलाच्या डब्यात बसले. उरलेला बोल्ट इंजिनात, वर पकडायला काही नाही.

नामदेव डब्यातूनच म्हणाले, "तुमीच म्हनला की, तडीला न्या!"

अण्णांचं टक्कल लाल झालं. अण्णांनी तुटलेलं डोकं हातात घेतलं, नामदेवांकडे पाहिलं, आणि ते हसायला लागले. हसता हसता खाली बसले. "चूक माजी हाय," म्हणाले. "मराठी माणसाला कानडीत हाक मारली की." मग त्याच नामदेवांना शेजारी बसवून त्यांनी उरलेल्या बोल्टावर एक नट वेल्डिंगने जोडला, तो गार होऊ दिला, तेल सोडलं, आणि नामदेवांच्याच हातात पाना दिला. दर वेळी पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा. संध्याकाळी बोल्ट निघाला, इंजिनाच्या भोकातल्या आट्यांना ओरखडा न पडता.

त्या दिवसापासून तडी हा आमच्या वर्कशॉपाचा शब्द झाला, आणि त्यात दोन्ही भाषांचे अर्थ शिरले. थांबा, पण सोडू नका. पुलीवर, लेथवर, भांडणात, लग्न जुळवताना, आम्ही सगळे एकमेकांना तडी म्हणतो. बाहेरच्या माणसाला काही कळत नाही, आणि आम्ही सांगतही नाही. आज पहिल्यांदाच छापून येतो आहे.

काही वर्षांपूर्वी अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय बरा होता, बोलणं सावरलं होतं, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहत होता. किती परत येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. भेटायला येणारा प्रत्येक जण खुर्चीवर बसण्याआधी विचारायचा, "गोळ्या घेत नव्हता का? पथ्य सोडलं होतं का?" अण्णा मान खाली घालायचे. मला ते बघवेना. मी दारातच खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्याला सांगू लागले, "आमच्याकडं कुणी घालवला म्हणून विचारत न्हाईत. विचारायचं आसंल तर चहा घेऊन हितनंच जावा."

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबराचा चेंडू दिला होता. अण्णांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर टाकला. मग मी वर्कशॉपातून एक फळी करून आणली. तिच्यावर मोठ्यापासून बारीकपर्यंत बोल्ट बसवले होते, सगळे हाताने फिरतील असे. रोज सकाळी गौराक्का त्यांचा हात कोमट तेलाने चोळायच्या आणि मग फळी मांडीवर ठेवायच्या. सर्वांत मोठा बोल्टसुद्धा बोटांत यायचा नाही. अंगठा ऐकायचाच नाही. एक दिवस अण्णांनी ती फळी ढकलून दिली. बोल्ट खोलीभर झाले. "बास," म्हणाले. "ह्यो आता निघत न्हाय. तोडून टाका."

मला रडू आलं आणि रागही आला. ज्यांनी आयुष्यात एकही बोल्ट तोडून टाकायला परवानगी दिली नाही, ते हे बोलत होते. मी खाली बसून बोल्ट गोळा केले, फळी पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "अण्णा, तडी."

डाव्या हाताने त्यांनी उजवा हात उचलून फळीवर ठेवला. त्यानंतर अण्णांनी ती फळी एक दिवसही सोडलेली नाही. पाहुणे असोत, सण असो, अंगात ताप असो. आधी आवळायचं, मग सोडायचं. मोठा बोल्ट जमला तेव्हा गौराक्कांनी गल्लीत गव्हाची गोड हुग्गी वाटली. त्याच्या पुढचा जमायला पावसाळा गेला. डॉक्टर म्हणाले, एवढं पुष्कळ आहे. अण्णा म्हणाले, "पाना धरता येत न्हाय तंवर कसलं पुष्कळ?"

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा महेश पुण्याहून आला. मनाने चांगला मुलगा, पण निश्चय करून आला होता. वर्कशॉप बंद करायचं, आईवडिलांना पुण्याला न्यायचं. अण्णांच्या वयाच्या मानाने त्याचं काही चूक नव्हतं. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ह्या हातानं एक टकल्या काढतो. निघाला तर मी हितंच ऱ्हाणार. न्हाय निघाला, तर तू म्हणशील तितं येतो. मग एक शब्द बोलणार न्हाय."

अण्णा शब्द फिरवत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे घाबरलो ते आम्हीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे वर्कशॉपात. गौराक्कांनी पुण्याची बॅग भरून आणली होती आणि तिच्यावरच बसल्या होत्या. आमचे जुने गिऱ्हाईक, यंत्रमागवाले सत्तय्या, आदल्या दिवशी मागाचा एक बिडाचा भाग ठेवून गेले होते. त्यातल्या बोल्टाचं डोकं गोल झालेलं. बीड म्हणजे ओतीव लोखंड, मुलखाचं ठिसूळ, जोर जास्त झाला तर भागच तडकणार आणि माग बंद पडणार. सगळी हकिकत कानावर आल्यावर सत्तय्या म्हणाले, "अण्णा, दुसरा कुठला तरी सोपा बोल्ट घ्या ना." अण्णा म्हणाले, "सोपा काडला तर पोरगं काय म्हणंल?" सत्तय्यांनी देवाला हात जोडले. पणाला त्यांचा माग होता, आमचे अण्णा होते.

तेल रात्रभर मुरलं होतं. अण्णांनी डाव्या हाताने टोले दिले, कानशीने बाजू सपाट केल्या, पाना ठोकून बसवला. इथवर डावा हात. मग त्यांनी तो पाठीमागे नेला आणि उजवा हात पान्यावर ठेवला. बोटं मिटली. अंगठा आला नाही. त्यांनी वाट पाहिली. अंगठा आला. आधी आवळलं, किंचित. मग सोडवायला लागले तर पाना हातातून सुटून खाली पडला.

त्या आवाजाने महेश उठला. "बाबा, राहू द्या," म्हणत तो पुढे निघाला. नामदेवांनी त्याचा दंड धरला. ज्या माणसाने एकेकाळी तो शब्द ऐकून इंजिनाचा बोल्ट तोडला होता, तो माणूस अगदी हळू आवाजात महेशला म्हणाला, "तडी."

महेशला घरात कानडी बोलायची सवय. तो थांबला.

अण्णांनी वाकून पाना उचलला, उजव्याच हाताने. त्यालाच इतका वेळ लागला की मी भिंतीकडे बघायला लागले. देवाचं नाव मी घेत नव्हते, मी त्या बोल्टाला मनातल्या मनात शिव्या देत होते. पाना पुन्हा बसला. अण्णांच्या मानेवरून घाम उतरत होता, हात मात्र पान्यावर होता. तो निघत नव्हता आणि बोल्टही निघत नव्हता. दोघांपैकी कुणीतरी हार मानायला हवी होती.

'कट'.

मी मोडनिंबहून आले त्या दिवशीचा आवाज. नामदेवांनी तोंडावर हात ठेवला. बोल्ट केसभर हलला होता. दुसरा कुणी असता तर भराभर फिरवून मोकळा झाला असता. अण्णांनी तो परत आवळला, वरून तेलाचे थेंब सोडले आणि स्टुलावर बसले.

"चहा सांगा," म्हणाले. "त्येला पिऊ दे जरा."

आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. कुणाला चव कळली असेल तर शपथ. मग अण्णांनी तो बोल्ट शेवटपर्यंत काढला, उजव्या तळहातावर घेतला आणि मूठ मिटली. अंगठ्यासकट. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आमच्या सगळ्यांच्या आलं. महेश आईजवळ गेला आणि म्हणाला, "आई, ऊठ. बॅग घेऊ दे." गौराक्का उठेनात. तेव्हा तो म्हणाला, "घरी नेतो गं. आपल्या." बॅग घेऊन तो पुढे निघाला, वाटेत पुण्याचं नाव त्याने काढलं नाही, आणि जाताना वर्कशॉपाच्या दाराच्या बिजागरीला तेल घालून गेला.

अण्णा, आज आपण पंचाहत्तरीत पाऊल ठेवता आहात. आमच्यासारख्या कितीतरी जणांना आपण आवाज न करता, आटे न दुखवता, अडकल्या जागेवरून मोकळं केलंत. माझे वडील तर शेवटपर्यंत म्हणत, सोलापुरात एक भला माणूस आहे, त्याने मला लाजवलं नाही. आपल्याला उत्तम आरोग्य लाभो, उजव्या हातात रोज थोडं अधिक बळ येवो, आणि गौराक्कांना हुग्गी वाटायची पुन्हा पुन्हा संधी मिळो, हीच आम्हा सर्वांची इच्छा.

आणि पुढे कधीतरी, पुष्कळ पुढे, वरून कुणी आपल्याला न्यायला आलंच, तर त्याला आपल्या पद्धतीने एकच शब्द सांगा. येणारा मराठी असला तर घोटाळा होईल, ही भीती मनात आणू नका. दारात नामदेवांना बसवलं आहे. त्या शब्दाचा अर्थ ते त्याला नीट समजावून सांगतील, आणि मग चहा पाजून परत पाठवतील.